नंबर पुसलेला व्हॉल्व्ह

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं की बरेचदा पहिली अडचण हीच येते: काचेवरचा नंबर गेलेला असतो. तो वरवरच्या रंगात छापलेला. वर्षानुवर्षं तापून तो सैल होतो आणि धूळ पुसायला फडकं फिरवलं की धुळीबरोबर निघून जातो. म्हणून पहिला नियम, पाहिल्याशिवाय पुसू नये. काच तिरप्या उजेडात धरावी, तिच्यावर तोंडाची वाफ सोडावी; गेलेली अक्षरं क्षणभर उमटतात.

नाहीच उमटली, तरी फार बिघडत नाही. कारखाने एकमेकांचा माल घेऊन त्यावर आपलं नाव छापत, त्यामुळे छापील नाव तसंही बेताच्याच भरवशाचं. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर खाली, पिनांजवळ, करड्या रंगाची बारीक सांकेतिक अक्षरं असतात आणि ती सहसा टिकतात. त्यात ‘बी’ दिसला तर माल इंग्लंडमधल्या मलार्डच्या ब्लॅकबर्न कारखान्याचा. त्रिकोण दिसला तर हॉलंडमधल्या हेर्लेनचा.

आता पिना मोजा. नऊ बारीक पिना असतील तर नोव्हल, सात असतील तर मिनिएचर, आठ जाड पिना आणि मधोमध खुंटी असेल तर ऑक्टल. नोव्हलमध्ये पिना खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजतात. मग काचेतून आत बघा. दोन सारख्या प्लेट शेजारी शेजारी असतील तर बहुधा दुहेरी ट्रायोड. एक लहान आणि एक मोठी असेल तर ट्रायोड आणि आउटपुट पेंटोड एकाच काचेत. वरचा चकचकीत डाग म्हणजे बेरियमचा गेटर. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, पुढचा खटाटोप करू नये.

खरी गंमत अशा ट्रायोड-पेंटोडपैकी ईसीएल८२, पीसीएल८२ आणि यूसीएल८२ यांच्यात आहे. ही सख्खी भावंडं: आतली रचना तीच, पिनांची मांडणी तीच. फरक फक्त हीटरचा, आणि तो पहिल्या अक्षरात सांगितलेला असतो. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपिअर, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर. ईसीएल८२ चा हीटर ६.३ व्होल्टला ०.७८ अँपिअर घेतो, म्हणजे तापल्यावर साधारण ८ ओहम. पीसीएल८२ ला १६ व्होल्ट लागतात, म्हणजे ५३ ओहम. यूसीएल८२ ला ५० व्होल्ट, म्हणजे ५०० ओहम. थंड असताना रोध याच्या पाचव्या-सातव्या हिश्शावर येतो. त्यामुळे साध्या मल्टिमीटरनं चौथी आणि पाचवी पिन तपासली की दीड ओहम, आठ-दहा ओहम आणि सत्तर-शंभर ओहम यांतलं काय आहे ते लगेच कळतं. व्हॉल्व्हला वीज जोडावीच लागत नाही.

ईसीसी८१, ८२ आणि ८३ या दुहेरी ट्रायोडना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तिघांचे हीटर सारखेच: चौथी-नववी आणि पाचवी-नववी या जोड्यांत सारखा रोध, चौथी-पाचवीत दुप्पट. इथे प्लेटचा प्रवाहच मोजावा लागतो. प्लेटला २५० व्होल्ट आणि ग्रिडला उणे साडेआठ व्होल्ट दिल्यावर दहा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह आला तर ईसीसी८२. जवळजवळ काहीच आला नाही तर ग्रिड उणे दोनवर आणा: दहाच्या आसपास आला तर ईसीसी८१, सव्वाच्या आसपास आला तर ईसीसी८३. ही मोजणी जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावी. २५० व्होल्ट जिवावर बेततात.

ओळख पटली की नंबर खोक्यावर लिहून ठेवा. काचेवर लिहू नका, तिथे तो टिकत नाही.