गुंठ्याची दोरी आणि काट्याचे शून्य



गळीत हंगाम जवळ आला की चर्चा काट्याची. पण उसाचे मोजमाप काट्याच्या आधी शेतात होते, आणि तिथे आपण फारसे बघत नाही.

1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, 1958 पासून टप्प्याटप्प्याने ती लागू झाली. मण-शेर गेले. पूर्वीचा इंग्रजी टन सुमारे 1016 किलोचा, आताचा 1000 किलोचा. म्हणून वडीलधारी मंडळी जुना उतारा सांगतात तेव्हा टन कोणता, ते जरूर विचारावे! गुंठा मात्र हटला नाही. सातबाऱ्यावर आर, बांधावर गुंठा. आर 100 चौरस मीटर, गुंठा 101.17. चाळीस आर म्हणजे एकर धरला तर जवळपास अर्धा गुंठा कमी भरतो.

मुंबईत गोवंडीच्या पुढच्या स्टेशनला, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 2015 ची आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरली ती याच केंद्राच्या यजमानपदाखाली. अशा परीक्षांच्या प्रयोगात पोरांना नुसता आकडा लिहून भागत नाही. तो किती इकडेतिकडे होऊ शकतो, तेही सांगावे लागते. आपल्याला तेच हवे आहे.

उताऱ्याचा अंदाज काढताना आपण 33 फूट लांब, 33 फूट रुंद असा एक गुंठा तोडतो आणि वजनाला 40 ने गुणतो. दहा किलोची चूक एकरी 400 किलो होते. दोरी ताणून 34 फूट झाली असेल तर 40 टनांचा ऊस साडेबेचाळीस दिसतो. मग तोडणीच्या टोळ्या, वाहने, सगळा कार्यक्रम चुकतो. त्याच दोरीने दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, कारण ती एकाच बाजूची आहे. दोरी टेपशी ताडून घेणे हाच उपाय. पाटाजवळचा चांगला ऊस आणि मधला बारीक ऊस यांतला फरक मात्र तीन-चार ठिकाणचे नमुने घेतल्याने बराच सावरतो.

आता काटा. रिकाम्या काट्यावर शून्याऐवजी 20 किलो दिसत असतील, आणि भरलेली व रिकामी गाडी दोन्ही त्याच काट्यावर लागोपाठ झाली, तर वजाबाकीत ते 20 किलो निघून जातात. रिकाम्या गाडीचे वजन जुन्या नोंदीवरून धरले तर राहतात. काटा शंभराला नव्व्याण्णवच दाखवत असेल तर वजाबाकीने काही होत नाही. तिथे प्रमाणित वजने ठेवूनच तपासावे लागते. वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे, ते पावती घेताना पाहावे. विचारायला संकोच नको.