शरीराची तक्रार व मनाचें औषध

वसई रोड स्थानकावरून पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे निघालें, म्हणजे वाटेंत गोखिवरे लागतें. जुन्या वस्तीभोंवतीं आतां लहान कारखान्यांचे गाळे दाटले आहेत. अशा ठिकाणच्या दवाखान्यांत पाठदुखी, डोकेदुखी, अपचन, छातींतील धडधड, तुटक झोंप आणि सकाळीं उठतांनाच जाणवणारा थकवा ह्या तक्रारी नित्याच्याच होत. दिवसभर यंत्रापाशीं उभें राहणाऱ्याची पाठ दुखणें स्वाभाविक आहे. परंतु सुटीच्या दिवशींही न थांबणारें, तपासणींत कारण न सांपडणारें आणि वेदनाशामक गोळ्यांस दाद न देणारें दुखणें कधीं कधीं निराळ्याच विकाराची खूण असतें. तो विकार म्हणजे नैराश्य.

श्रोतेहो, मन शरीरांतून बोलतें ही गोष्ट आपल्या भाषेस नवी नाहीं. भीतीनें पोटांत गोळा येतो, वाईट वार्तेनें हातपाय गळतात, दुःखानें काळजाला घरें पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १४ देशांतील १५ केंद्रांत केलेल्या पाहणीवरून १९९९ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत नैराश्यग्रस्त ठरलेल्या ११४६ रोग्यांपैकीं शेंकडा ६९ जणांनीं डॉक्टरांकडे येण्याचें कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारीच सांगितल्या होत्या. ह्या केंद्रांत आपल्या देशांतील बंगळूरही होतें.

मग मनाच्या औषधानें पाठ कशी बरी होणार, अशी शंका साहजिक आहे. तिचें उत्तर शोधतांना एक मुंबईची हकीकत उपयोगी पडते. येथील डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो, हें १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून जगापुढें मांडलें. पुढें त्या वनस्पतींतील रिसर्पीन घेणाऱ्या कांहीं रोग्यांस खिन्नतेनें घेरल्याचें आढळलें. आणि रिसर्पीनमुळें मेंदूंतील सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनालिन ह्या द्रव्यांचा सांठा रिता होतो, असेंही दिसून आलें. संशोधकांचें लक्ष त्या द्रव्यांकडे वळण्यास हें एक मोठें कारण झालें. केवळ त्यांच्या उणिवेनें नैराश्य येतें, इतकी ही गोष्ट सोपी नाहीं, असें आज मानतात. तथापि झोंप, भूक व पचन यांच्या व्यवहारांत हीं द्रव्यें भाग घेतात. आणि मेंदूपासून पाठीच्या कण्यांत उतरून वेदनेचा संदेश दाबणारे जे मज्जातंतू आहेत, त्यांचेंही कार्य ह्यांच्यामार्फत चालतें.

आतां औषधांची तुलना करूं. २०१८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलेल्या एका अभ्यासांत २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सर्व औषधें नकली गोळीपेक्षां सरस ठरलीं. त्यांचें आपापसांतील अंतर मात्र फार मोठें नव्हतें. म्हणून सर्वांत जोरकस औषध कोणतें, ह्यापेक्षां रोग्याची मुख्य तक्रार कोणती व त्याच्या शरीरास काय सोसेल, हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे होत.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन व एस्सिटालोप्राम हीं मुख्यतः सेरोटोनिनवर चालणारीं औषधें बहुधा प्रथम देतात. काळजी व तिच्याबरोबर येणारी धडधड त्यांनीं कमी होते. आरंभीं मळमळ, डोकेदुखी किंवा पातळ शौचास होतें, कामेच्छाही मंदावते.

अमिट्रिप्टिलिन हें १९६० नंतरच्या दशकापासून वापरांत असलेलें स्वस्त औषध. अर्धशिशी व मज्जातंतूंच्या वेदना यांवर तें रात्रीं लहान मात्रेंत देतात आणि त्यानें झोंपही लागते. परंतु तेवढी मात्रा नैराश्यास सहसा पुरत नाहीं. मात्रा वाढली कीं तोंड कोरडें पडणें, मलावरोध, लघवी अडणें, उठतांना भोंवळ येणें हे त्रास होतात. हृदयविकार, कांचबिंदू किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथि असणाऱ्यांस तें जपून द्यावें लागतें, आणि अतिमात्रा प्राणघातक होऊं शकते.

ड्युलोक्सेटिन दोन्ही द्रव्यांवर चालतें. नैराश्य व अंगदुखी यांची जोडी असेल तेथें त्याचा विचार होतो. वेदनेवरील त्याचा गुण खरा, पण माफक आहे. यकृताचा विकार किंवा दारूचें अतिसेवन असल्यास तें टाळतात, आणि रक्तदाबावर लक्ष ठेवतात. ज्याची झोंप उडाली आहे व अन्नावरची वासना गेली आहे, त्यास मिर्टाझापिन मानवतें. पण वजन वाढतें.

कामगारांनीं दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवाव्या. अमिट्रिप्टिलिन व मिर्टाझापिन यांनीं गुंगी येते. आरंभीं यंत्र किंवा वाहन चालवणें धोक्याचें आहे. दुसरें असें कीं, सेरोटोनिनवर चालणाऱ्या औषधांबरोबर आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेतल्यास पोटांत रक्तस्राव होण्याची भीति वाढते, आणि ट्रॅमाडोलबरोबर त्यांचा संयोग कधीं कधीं गंभीर होतो. दुकानांतून आणलेल्या प्रत्येक गोळीचें नांव डॉक्टरांस सांगितलेंच पाहिजे.

औषध सुरू करण्यापूर्वीं रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह व हृदयविकार यांची तपासणी व्हावी. कारण प्रत्येक थकवा नैराश्याचा नसतो. पूर्वीं कधीं अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, तर तेंही सांगावें. औषधाचा त्रास पहिल्या आठवड्यांत जाणवतो आणि गुण दोन ते चार आठवड्यांनीं दिसूं लागतो. ह्याच अवधींत पुष्कळजण ‘औषध लागू पडलें नाहीं’ म्हणून सोडून देतात. बरें वाटल्यावरही तें निदान सहा महिने चालवावें लागतें, व पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावें लागतें. पंचविशीच्या आंतील रोग्यांत आरंभीं आत्मघाताचे विचार वाढूं शकतात. घरच्यांनीं त्या दिवसांत सोबत राहावें. संवादोपचार व नियमित व्यायाम हेही उपचारांचेच भाग होत.

ह्या भागांत मनाच्या दवाखान्याचें नांव काढलें कीं ‘ठाण्यास धाडतात’ ही थट्टा आठवते. त्या थट्टेपायीं वर्षानुवर्षें पाठीस मलम चोळणें ही मोठी हानि आहे. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. दुखणें शरीरांत जाणवत असलें, तरी त्याबरोबर झोंप, भूक व जगण्याची गोडी गेली आहे काय, एवढें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. योग्य औषधाची निवड तेथूनच सुरू होते.