खापरपणजोबा सुतार होते, हे कशावरून?

"आमचे खापरपणजोबा सुतारकाम करायचे" हे घरातलं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, शोधाची सुरुवात. आजपासून मागे मागे जा. आधी आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शेवटी बंदोबस्ताची मिसल. गाव गडचिरोलीतलं असलं तरी जुन्या कागदांवर 'चांदा' जिल्हा शोधा. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. 'सुतार' हा शब्द जातीच्या रकान्यात आहे की धंद्याच्या, तेही बघा. जातीने सुतार असलेला माणूस आयुष्यभर नांगरच धरत असेल! आणि नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही. बापाचं नाव आणि गाव, दोन्ही जुळू द्या. नाहीतर दुसऱ्याच्याच पूर्वजाला आपण आपला म्हणत बसू.