स्पंद-संकोचन : रेडारमधील एका पेचाचा उलगडा

रेडारच्या स्पंदाकडून दोन अपेक्षा असतात. दूरच्या लक्ष्याचा क्षीण प्रतिध्वनी गोंगाटातून ओळखता यावा, यासाठी त्यात पुरेशी ऊर्जा हवी. आणि निकटची दोन लक्ष्ये वेगळी दिसावीत, यासाठी तो आखूड हवा. १ मायक्रोसेकंदाच्या साध्या स्पंदाने १५० मीटरांहून कमी अंतरावरील लक्ष्ये पृथक् करता येत नाहीत. स्पंद शंभरपट लांबविला, तर ही मर्यादा १५ किलोमीटरांवर जाते.

बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडॉल व बूट यांनी १९४० मध्ये सिद्ध केलेल्या विवर-मॅग्नेट्रॉनमुळे आखूड स्पंदातही मोठे सामर्थ्य ओतता येऊ लागले. तथापि सामर्थ्य वाटेल तितके वाढविता येत नाही; तरंगवाहकात ठिणग्या पडू लागतात.

पेच सुटला तो वेगळ्याच विचाराने. विभेदनक्षमता वस्तुतः स्पंदाच्या लांबीवर नव्हे, तर त्याच्या पट्टरुंदीवर अवलंबून असते. १०० मायक्रोसेकंदांच्या स्पंदात कंप्रता १ मेगॅहर्ट्झने एकसारखी वाढवीत नेली व ग्राहीतील फिल्टर-मंडलाने आधी आलेल्या कंप्रतांना अधिक विलंब लावला, तर सर्व भाग जवळजवळ एकाच क्षणी बाहेर पडतात आणि स्पंद सुमारे १ मायक्रोसेकंदाचा होतो. १ मेगॅवॉटच्या आखूड स्पंदातील १ जूल ऊर्जा येथे १० किलोवॉटमध्येच मिळते. या पद्धतीची सविस्तर मीमांसा क्लॉडर, प्राइस, डार्लिंग्टन व अल्बर्शाइम यांनी १९६० मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये केली.

हा लाभ फुकटचा नव्हे. संकुचित स्पंदाच्या दोन्ही बाजूंस पार्श्वशिखरे उमटतात. पहिल्याचे सामर्थ्य मुख्य शिखराच्या सुमारे एकविसांश असते. मोठ्या जहाजाच्या पार्श्वशिखराखाली लहान होडी लपू शकते. भारित फिल्टरने ती दबतात, पण मुख्य शिखर रुंदावते. शिवाय प्रेषण चालू असता ग्राही बंद राहिल्यास १०० मायक्रोसेकंदांच्या स्पंदाला पहिले १५ किलोमीटर नीट दिसत नाहीत. म्हणून मध्ये वेगळा आखूड स्पंद पाठवितात.

मॅग्नेट्रॉन हा आंदोलक असल्याने त्याच्या कंप्रतेवर व कलेवर असे काटेकोर नियंत्रण ठेवणे कठीण. त्यासाठी क्लायस्ट्रॉनसारखा विवर्धक लागतो. आजच्या गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरांचे शिखरसामर्थ्य मॅग्नेट्रॉनच्या मानाने अल्प असते, परंतु ते दीर्घ स्पंद सहज पेलतात. एके काळी पर्याय म्हणून आलेली ही युक्ती त्यामुळे आता त्यांची गरज झाली आहे. घटक व संदेश यांचा विचार एकत्रच करावा, हे यावरून अभ्यासकांच्या ध्यानी यावे.