बटण बंद म्हणजे करंट बंद नव्हे

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक ताई उडालेला बल्ब बदलायला स्टुलावर चढली. बटण बंद होतं. तरी होल्डरला बोट लागलं आणि झटक्यासरशी ती खाली पडली. मनगट मोडलं, जीव वाचला. “अगं, बटण मी बंद केलं होतं,” हेच ती सारखं म्हणत होती. तिचं खरं होतं. चूक वायरिंगची होती.

आपल्या घरात दोन तारा येतात. एक फेज, तिच्यात 230 व्होल्ट असतात. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून करंट परत जातो. बटण फेजच्या तारेवर हवं. ताईकडे ते न्यूट्रलवर बसवलं होतं. मग बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत करंट येऊन थांबलेलाच असतो. वरून बघून काहीच कळत नाही. म्हणून बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन स्विच बंद करायचा.

मग टेस्टर कशाला? खात्री करायला. पण टेस्टरही फसवतो. टेस्टरच्या टोपीला आपण बोट लावतो, तेव्हा अगदी थोडा करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि आतला बारका दिवा लागतो. पायात रबरी चप्पल असेल, प्लास्टिकच्या स्टुलावर उभ्या असू, तर तो मंद लागतो. उन्हात तर दिसतच नाही. टेस्टर बिघडला असेल तर लागणारच नाही. म्हणजे दिवा लागला तर करंट आहे, पण लागला नाही म्हणून करंट नाही असं धरू नका.

म्हणून आम्ही असं करतो. मेन चालू असताना टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावून बघतो. दिवा लागला, म्हणजे टेस्टर ठीक. मग मेन बंद करून कामाच्या जागी दोन्ही टोकांना लावतो. मग शेजारच्या घरी जाऊन तोच टेस्टर पुन्हा तपासतो. तिथे लागला, तरच आपल्या घरचं उत्तर खरं. मेन बंद करूनही दिवा लागला, तर हात लावायचा नाही, वायरमनला बोलवायचं. तडा गेलेला, ओला टेस्टर वापरायचा नाही. टेस्टरच्या लोखंडी दांडीला बोट लावायचं नाही. हात ओले नकोत, आणि ओल्या सारवणावर अनवाणी उभं राहणं तर नकोच.

लाइट गेलेली असताना काम उरकून घेऊ, असं पुष्कळजणींना वाटतं. लाइट कधीही येते. तेव्हाही मेन बंदच हवा, आणि तो कुणी चालू करू नये म्हणून तिथे एकीला उभं करा.

“आमच्याकडे एमसीबी आहे,” असं कुणी म्हणेल. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट त्याला कळतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या आणि अर्थिंग नीट करून घ्या.

कुणी चिकटलंच, तर त्याला हात लावू नका, नाहीतर दोघंही जातील. पळत जाऊन मेन बंद करा. जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. 108 ला फोन करा. बाहेरची तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता 1912 ला कळवा.

बोर्ड उघडणं हे वायरमनचंच काम. पण तो आला की विचारा, “बटण फेजवर आहे ना? दाखवा बरं.” विचारायला लाजू नका, घर आपलं आहे. आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या घरचा मेन स्विच कुठे आहे ते बघून या. अंधारातही हात तिथे पोचला पाहिजे, आणि पोरांनाही तो माहीत असला पाहिजे.