कमोडोर ६४ चा वीजपुरवठा

अमेरिकेतील कमोडोर कंपनीने १९८२ साली विक्रीस आणलेला कमोडोर ६४ हा गृहसंगणक, ज्याचे सारे यंत्र कळफलकाच्या पेटीतच सामावलेले असते, आज चार दशकांनंतरही हौशी मंडळींच्या मेजावर चालू स्थितीत आढळतो. त्याच्यासोबत मिळालेला वीजपुरवठ्याचा ठोकळा मात्र विश्वासास पात्र राहिलेला नसतो, आणि तो नुसता बंद पडता तर त्याच्याविषयी एवढी तक्रार करण्याचे कारणही नव्हते.

त्याची खोड निराळी. ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेजला लगाम घालणारा रेग्युलेटर एकाच डब्यात बसवून वरून राळ ओतण्याचा शिरस्ता बहुतेक ठोकळ्यांत पाळला गेला. त्यामुळे उष्णतेला बाहेर पडण्यास वाव राहिला नाही आणि दुरुस्तीची मुभाही उरली नाही. वर्षानुवर्षे तापून निघालेला रेग्युलेटर दगा देतो तेव्हा पुष्कळदा आतून शॉर्ट होतो, आणि पाव व्होल्टाची चढउतार जेमतेम मान्य असलेल्या चिपांवर ५ व्होल्टांऐवजी कितीतरी अधिक दाब येऊन पडतो. पहिला बळी बहुधा मेमरीच्या चिपांचा.

यावर मोबाइलचा चार्जर जोडावा, तोही ५ व्होल्टच देतो, असे कोणासही सुचेल. परंतु या यंत्राला ५ व्होल्ट डीसीबरोबरच ९ व्होल्ट एसीही लागते, आणि ती मागणी हटवादी नव्हे. या ९ व्होल्टांपासूनच आतील मंडल चित्र व ध्वनी निर्माण करणाऱ्या चिपांसाठी १२ व्होल्ट तयार करते, कॅसेटयंत्राच्या मोटरला चालना देते आणि अंतर्गत घड्याळाला विजेच्या स्पंदनांवर, म्हणजे आपल्याकडच्या सेकंदाला ५० आवर्तनांवर, काळ मोजण्याची सोय करून देते. एसीच्या वाटेवरचा फ्यूज उडाला की लाल दिवा लागलेला आणि पडदा काळाठिक्कर, असा गोंधळात पाडणारा प्रकार होतो, तो याचमुळे. दिवा ५ व्होल्टांवर चालतो, चित्राला मात्र दोन्हींची गरज.

म्हणून नव्या बंदोबस्तात दोन गोष्टी लागतात: ५ व्होल्ट व किमान २ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस, आणि ९ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही हवेशीर पेटीत, फ्यूज व अर्थिंगसह बसवावेत. तारा जाड घ्याव्यात, कारण दीड अँपिअर प्रवाहात बारीक तार आपल्या अंगीच काही दशांश व्होल्ट गिळते. २३० व्होल्टांच्या बाजूचे काम ज्याचा हात त्यात बसलेला नाही त्याने जाणत्याकडे सोपवावे, यात कमीपणा नाही.

संगणकाची सात पिनांची जोडणी करण्यापूर्वी ५ व्होल्टांच्या बाजूस ३.३ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर लावून सुमारे दीड अँपिअर भार द्यावा आणि मल्टीमीटरने पाहावे. भाराविना घेतलेल्या मापाला फारसा अर्थ नसतो, आणि मोकळ्या ट्रान्सफॉर्मरवर ९ च्या जागी १० किंवा अधिक व्होल्ट दिसले तर घाबरण्याचेही कारण नाही. शिवाय ५ व्होल्टांचा दाब साडेपाचच्या आसपास गेला की मार्ग तोडणारे छोटे संरक्षक मंडल मध्ये घालणे, हा खर्च माझ्या मते टाळण्याजोगा नाही. कारण ठोकळा नवा असला तरी त्यातला रेग्युलेटरही एक दिवस म्हातारा होणारच.