धोरण कचेरीत, अंमल साच्यावर

गेल्या शंभर वर्षांत उद्योगांच्या कारभारात धोरण आखण्याच्या विद्येला जो मान मिळाला, तो ते धोरण हाताने पार पाडणाऱ्या माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या विद्येच्या वाट्याला क्वचितच आला. आणि म्हणून कागदावर निर्दोष ठरलेली तजवीज कारखान्याच्या दारापाशी येऊन अडली की, तिचा दोष कामगाराच्या अज्ञानावर किंवा हट्टावर टाकून दफ्तर बंद करण्याची रीत पडून गेली. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो, असे माझे मत आहे.

मुंबईच्या वाचकाला याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) सांभाळावेत, ही गिरणीमालकांची योजना हिशेबाच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली होती. परंतु तिसऱ्या साच्यामुळे आपल्या शेजारचा माणूस बेकार होणार, ही विणकराच्या मनातील भीती त्या हिशेबात कोठेच मांडलेली नव्हती. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर राहिले, त्याचे हे एक प्रमुख कारण होते.

पुढे अमेरिकेत व्हर्जिनियातील हारवुड या कपडे शिवण्याच्या कारखान्यात कॉक आणि फ्रेंच या संशोधकांनी याच प्रश्नाची पद्धतशीर तपासणी केली. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, कामाची पद्धत बदलल्याचे ज्यांना केवळ कळविण्यात आले, त्यांच्यापैकी १७ टक्के पहिल्या ४० दिवसांतच नोकरी सोडून गेले. आणि बदल ठरविण्यात ज्यांना प्रत्यक्ष भाग मिळाला, त्यांच्यातून कोणीही गेले नाही.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अहमदाबादचा प्रयोग. कॅलिको मिलने १९५२ साली स्वयंचलित साचे बसविले. एका खात्यात २२४ साचे आणि एका पाळीला २९ माणसे. विणणारा, बॉबिन भरणारा, तुटलेला धागा सांधणारा, तेल घालणारा, जॉबर, झाडूवाला अशी कामाची बारा प्रकारांत वाटणी. आणि प्रत्येकाचा बोजा घड्याळ लावून ठरविलेला. तरीही अपेक्षित उत्पादन निघेना आणि खराब कापड कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली तेथे आले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, एका विणकराला ज्यांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागे, त्यांच्याकडे सोपविलेले साचे आणि त्याचे स्वतःचे साचे यांचा मेळच बसत नव्हता. त्यामुळे अमुक साच्यांचे कापड आमचे, असे जबाबदारीने म्हणणारी मंडळी त्या संपूर्ण खात्यात कोठेच नव्हती. इंग्लंडच्या कोळसा खाणींतही यंत्रे आल्यावर जुने जथे मोडले आणि एक पाळी दुसरीवर दोष ढकलू लागली, हे त्याच संस्थेच्या ट्रिस्ट व बॅमफर्थ या अभ्यासकांनी १९५१ साली दाखविलेच होते.

राइस यांनी ठराविक साच्यांचा सगळा भार एका लहान गटाकडे द्यावा, अशी कल्पना मांडली. ती मुकादमांमार्फत खात्यात पोचताच कामगारांनी आपापले जोडीदार निवडून, कोणाच्याही अपेक्षेपेक्षा लवकर, स्वतःच गट बांधले! साच्यांची कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत चढली, आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर उतरले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती. (जेथे कॅलिको मिलच्या मालकांच्याच घराण्यातील अनसूया साराभाई १९१८ च्या संपात आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, अशा शहरात मालक आणि मजूर यांच्यात बोलण्याची वाट मुळीच बंद नसावी, हेही या यशाचे एक कारण असावे, असे मी मानतो.)

तथापि हे यश आपोआप टिकणारे नव्हते. टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी १९७० साली कॅलिकोत पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धती कायम होती, पण इतरत्र बाजाराच्या ताणाखाली जुनी वाटणी परत आली होती. म्हणजे मानसशास्त्रज्ञाला एकदा बोलावून अहवाल घेतला की काम संपले, ही समजूत चुकीची आहे. आणि हुकूम निघाल्यावर, विरोध शमविण्यासाठी, त्याला बोलावणे तर त्याहूनही चुकीचे. त्याची खरी गरज मसुदा कच्चा असतानाच असते.

ज्यांना एखाद्या खात्यात, शाळेत वा बँकेत नवी पद्धत लावावयाची आहे, त्यांनी राइस यांचे १९५८ चे ‘प्रॉडक्टिव्हिटी अँड सोशल ऑर्गनायझेशन’ हे पुस्तक अवश्य वाचावे, आणि हुकमावर सही करण्यापूर्वी एक पूर्ण पाळी त्या खात्यात उभे राहून काढावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.